डब्यातली कला छापू नका, घडवून घ्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ,
आणि भारतीय रेल्वेत डब्यांचं काम पाहणारे सर्व अधिकारी

विषय : ‘डेक्कन ओडिसी’ या आलिशान पर्यटक गाडीच्या डब्यांचं आतलं काम पुन्हा निघेल तेव्हा ते कारागिरांकडून करून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात ३१ वर्षं सुतार होतो. बर्थच्या फळ्या, दारं, खिडक्यांच्या चौकटी, छताचे तक्ते, जमिनीचे कॉम्प्रेग बोर्ड, डब्यात माणसाच्या पायाखाली, पाठीशी आणि डोक्यावर जे जे असतं ते माझ्या हातांखालून गेलं आहे. निवृत्त होऊन आता कुडाळजवळ गावी राहतो. रूळ घरापासून लांब नाहीत. तुमची निळी गाडी गोव्याकडे जाताना दिसली की हातातलं काम ठेवून मी कुंपणाशी जाऊन उभा राहतो. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राच्या नावाची अशी गाडी आली याचा आमच्या शॉपमध्ये सगळ्यांनाच आनंद झाला होता. २०२० साली कोविडमध्ये ती थांबली आणि २०२३ च्या सप्टेंबरात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पुन्हा निघाली, ती बातमी मी कापून ठेवली आहे.

कुठलाही डबा ठरावीक काळाने कारखान्यात येतो. आम्ही त्याला पीओएच, म्हणजे पिरिऑडिक ओव्हरहॉल म्हणतो. बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, सुटतात, चाकं तपासली जातात आणि काही वेळा आतलं सगळं उतरवून डबा नुसता पत्र्याचा खोका केला जातो. तुमच्या गाडीवर ती वेळ येणारच. पडदे, तक्ते, गाद्या, रंग सगळं नव्याने ठरेल आणि निविदा निघेल. हे पत्र मी त्या दिवसासाठी आधीच लिहितो आहे. निविदा निघाल्यावर लिहिलेलं पत्र फायलीत जातं, हे मी इतक्या वर्षांत शिकलो.

म्हणणं एवढंच आहे. त्या डब्यांत महाराष्ट्राची कला दिसायला हवी असेल, तर ती छापून आणू नका. ज्याची कला आहे त्या कारागिराकडून, डब्याच्या मापाने, डब्यासाठी म्हणून घडवून घ्या. आणि तिची देखभालही त्याच्याकडेच ठेवा.

छापण्याबद्दल मला एवढं का वाटतं ते सांगतो. पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही एका मोठ्या हॉटेलात उतरलो होतो. शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत वारली चित्र होतं. लांबून छान वाटलं. जवळ गेलो तर ती व्हिनाइलची छापील पट्टी होती, चार चार फुटांची, शेजारी शेजारी चिकटवलेली. तारप्याच्या नाचाची तीच फेर धरलेली रांग दर चार फुटांनी पुन्हा येत होती. जिथे दोन पट्ट्यांचा जोड आला होता तिथे एका बाईचं अर्धं अंग गेलं होतं. एसीची जाळी बसवायला भोक पाडलं होतं, ते नेमकं तारपा वाजवणाऱ्यावर. म्हणजे सगळे नाचत होते, आणि मधे वाजवणाराच नव्हता. तारप्याच्या नाचात तारपकऱ्याकडे पाठ करत नाहीत, त्याच्या सुरावर सगळा फेर वळतो. ज्याने ती पट्टी कापली त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातात फक्त माप होतं.

डहाणू-तलासरीकडच्या घरांत लग्नाचा चौक काढतात तो सुवासिनी काढतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने. मधे पालघाट देवी असते. त्या चौकाशिवाय लग्न पुढे जात नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, जगभर त्यांची चित्रं गेली. त्यांचं कुठलंही चित्र जवळून बघा. शेकडो माणसं असतात, आणि एकाची मान दुसऱ्यासारखी नसते. हाताने काढलं की असं होतं. पट्टीवर सगळ्यांची मान एकसारखी असते, कारण तिथे माणूस एकदाच काढलेला असतो.

तुमची गाडी ज्या स्थानकातून निघते त्या स्थानकाकडे जरा पाहा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ती इमारत १८८८ साली पुरी झाली. दगडातली पानंफुलं, मोर, माकडं, लोखंडी जाळ्या, हे सगळं काम विलायतेहून पेट्यांत भरून आणलेलं नाही. बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी ते केलं. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथे शिकवत. शाळा १८५७ सालची आणि स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर. परक्या राज्यातल्या रेल्वे कंपनीलासुद्धा एवढं कळत होतं की इथल्या इमारतीवर इथलंच झाड-पाखरू हवं आणि ते इथल्याच हाताने कोरलेलं हवं. तुमची गाडी सुरू झाली त्याच २००४ साली ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिला तो मान मिळाला त्यात त्या विद्यार्थ्यांच्या छिन्नीचा वाटा मोठा आहे.

‘डेक्कन क्वीन’ १९३० साली धावली. तिच्या डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले होते, पण वरचं अंग जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधलं गेलं. आमच्या धंद्यातली जुनी माणसं हे सांगताना ताठ बसत.

आलिशान गाड्यांचं म्हणाल, तर राजस्थानने १९८२ साली संस्थानिकांचे खरे डबे घेऊन ‘पॅलेस ऑन व्हील्स’ काढली. कर्नाटकाने २००८ साली ‘गोल्डन चॅरियट’ आणली, डब्यांना कदंब, होयसळ, राष्ट्रकूट अशी राजघराण्यांची नावं दिली. दोन्ही ठिकाणी कल्पना राजवाड्याची आहे. मला वाटतं महाराष्ट्राने या बाबतीत कुणाच्या मागे जाऊ नये. आपली खरी दौलत आळ्यांमध्ये आहे. पुण्याची तांबट आळी, सावंतवाडीची चितार आळी, येवल्याचे पैठणीचे माग, मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं, कोल्हापूरचे चामड्याचे कारागीर, पिंगुळीतली ठाकरांची वाडी. मुंबईहून निघून नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा, कोकण अशी फिरणारी गाडी यातल्या बहुतेकांच्या दारावरून जाते. ही दौलत डब्याच्या आत येऊ शकते, आणि कशी येऊ शकते ते मी सुतार म्हणून सांगू शकतो.

पहिल्यांदा अडचणी. डबा हलतो. नुसता पुढे जात नाही, प्रत्येक क्रॉसिंगला आडवा झटका खातो, चोवीस तास बारीक थरथरतो. घराच्या भिंतीवर पन्नास वर्षं टिकेल असा खिळा डब्यात महिन्याभरात सैल होतो. बाहेर कोकणातला पाऊस, आत एसी. सागवानसुद्धा फुगतं आणि आक्रसतं, त्यामुळे तक्त्याला हलायला जागा ठेवावी लागते, स्क्रूचं भोक लांबट पाडावं लागतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट आगीची. आगीचे नियम कडक आहेत आणि ते कडकच राहिले पाहिजेत. जळलेल्या डब्याच्या आत मी काम केलं आहे. कलेसाठी नियम ढिले करा असं मी कधीही म्हणणार नाही.

म्हणूनच सगळी कला डब्यात येऊ शकत नाही, हेही सांगायला हवं. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणातल्या देवळांवर कावी काम असतं. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असताना खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. फार सुंदर काम. पण चुना डब्यात टिकणार नाही, पनवेलपर्यंत जाण्याआधी भेगा पडतील. कावीची नक्कल प्लास्टिकवर करण्यापेक्षा प्रवाशांना देवळात घेऊन जा. अजिंठ्याचंही तसंच. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी छापून केबिनच्या दारावर लावला तर जो माणूस दुसऱ्या दिवशी खरा पद्मपाणी बघायला उतरणार, त्याच्या डोळ्यांतली ओढ आपण आदल्या रात्रीच संपवली. आणि वारल्यांचा लग्नाचा चौक तर डब्यात नकोच. तो लग्नघरातला आहे. वारली हवी असेल तर त्यांच्यातल्या चित्रकाराला बोलवा, गाडीचा रस्ता दाखवा आणि त्याला काय काढावंसं वाटतं ते काढू द्या.

आता काय येऊ शकतं ते.

तांब्यापासून सुरुवात करा. तुमच्या भोजनाच्या डब्यांना ‘पेशवा’ नाव आहे. पेशव्यांच्या काळात पुण्यात वसलेली तांबट आळी कसबा पेठेत अजून ठोके घालते आहे. त्यांचं मठारकाम तुम्ही पाहिलं असेल, भांड्याच्या अंगभर हातोडीच्या एकसारख्या गोल खुणा. लोकांना वाटतं ती नक्षी आहे. ती नक्षी आहेच, पण मठारल्याने तांबं ताठ होतं, पातळ पत्राही वाकत नाही. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून पडतो आणि प्रकाश त्या प्रत्येक खळग्यात वेगळा थांबतो. डब्यासाठी याहून चांगली वस्तू कोणती? तांबं जळत नाही, पातळ पत्र्यात वजन फार होत नाही, आणि झटक्याने तडकत नाही. दोन खिडक्यांमधली पट्टी, दिव्यांच्या कडा, दाराची मूठ, हात धुण्याचं भांडं, हे सगळं तिथून येऊ शकतं. जेवायला बसलेल्या माणसाच्या हाताला ते लागलं पाहिजे. काचेमागचं तांबं कुणाला आठवत नाही.

हाताला लागण्यावरून जपानची एक गोष्ट सांगतो. क्युशू बेटावर २०१३ च्या ऑक्टोबरात ‘सेव्हन स्टार्स’ नावाची आलिशान गाडी सुरू झाली. क्युशूमध्येच आरिता हे चिनी मातीच्या भांड्यांचं शेकडो वर्षांचं गाव आहे. तिथल्या काकीएमोन घराण्याच्या चौदाव्या पिढीच्या उस्तादांनी त्या गाडीसाठी हात धुण्याची भांडी केली. गाडी निघण्याच्या काही महिने आधी, त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते वारले. त्यांचं ते अखेरचं काम केबिनमध्ये नळाखाली बसवलेलं आहे. प्रवासी सकाळी उठून त्यात तोंड धुतात. एवढ्या मोठ्या कलावंताचं शेवटचं काम कपाटात ठेवावं असं तिथे कुणाला वाटलं नाही, कारण भांडं वापरण्यासाठी असतं हे करणाऱ्यालाही माहीत होतं आणि करवून घेणाऱ्यालाही. त्याच गाडीत ओकावाच्या सुतारांनी केलेल्या लाकडी जाळ्या आहेत, बारीक काड्या एकमेकींत अडकवून केलेल्या. त्यांचे फोटो मी भिंग घेऊन पाहिले आहेत. सांध्यात कुठे फट दिसत नाही.

दुसरी वस्तू घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर. धनगर कातरतात, घरातल्या बाया सूत काढतात, सनगर खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याच्या खळीने ताणा ताठ करतात. लोकर सहज पेट घेत नाही, ज्वाला बाजूला केली की आपोआप विझते. मी ट्रिमिंग शॉपमध्ये, म्हणजे गाद्या-पडद्यांच्या विभागात, गाद्यांचं कापड पेटवून पाहण्याच्या चाचण्या पाहिल्या आहेत. नायलॉनचे थेंब टपटप खाली पडतात, लोकर काळी पडून थांबते. शिवाय ती आवाज पिते. केबिनच्या डोक्याकडच्या भिंतीला घोंगडीचं अस्तर लावलं तर शेजारच्या केबिनमधलं बोलणं कमी ऐकू येईल, आणि रात्री हात लागला तर थंड पत्रा लागणार नाही. आज कित्येक ठिकाणी कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती फेकून देतात. एका गाडीने तो धंदा उभा राहणार नाही, हे खरं. पण खडबडीत काळीभोर घोंगडी आलिशान डब्यात मानाने लागली, हे जतच्या किंवा सांगोल्याच्या सनगराने पाहिलं, तर त्याच्या मुलाशी तो वेगळं काही बोलेल.

पैठणीचा मोह सगळ्यांना होईल, आणि पहिली चूकही तिथेच होईल. पैठणीने खुर्च्या मढवू नका. जर अंगठीला, घड्याळाला, बॅगेच्या चेनला अडकते, सहा महिन्यांत उसवते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची ओळख कुठली? तिची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. मोर असो, मुनिया पक्षी असो, असावलीची फुलवेल असो, धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, मागे लोंबत नाहीत. तर मग ती भिंतीला कशाला चिकटवायची? बैठकीचा डबा आणि वाट यांच्यामध्ये जो पडदा असतो, तिथे दोन काचांच्या मधे येवल्याचा एक पदर उभा करा. दोन्हीकडून दिसेल. येताना मोर पुढून, जाताना मागून, आणि दोन्ही सारखाच. त्या एका पडद्यासमोर गाडीतल्या माणसाला पैठणी कळेल. भरजरी पदराला कित्येक महिने लागतात, म्हणून त्याची मागणी डबा कारखान्यात यायच्या बऱ्याच आधी गेली पाहिजे.

सर्वांत जास्त विचार मी वाटेचा केला आहे. केबिनच्या डब्यात एका अंगाला अरुंद वाट असते, जेमतेम एक माणूस जाईल एवढी. तिथे मोठं चित्र लावण्यात अर्थ नाही, कारण मागे सरकून पाहायला जागाच नाही. नाक चित्राला टेकतं. तिथे हातात धरता येईल एवढंच चित्र हवं. आणि असं चित्र आमच्या शेजारी पिंगुळीत पिढ्यान् पिढ्या आहे. ठाकरांची चित्रकथी. रामायण-महाभारतातली आख्यानं सुट्या पानांवर काढलेली, एका आख्यानाची एक पोथी. सांगणारा एकेक पान समोर धरतो, गातो, साथीला टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य. लहानपणी देवळात रात्री जागून मी ते ऐकलं आहे. कंदिलाच्या उजेडात पान बदललं की नवे डोळे दिसायचे, मोठाले, कानापर्यंत गेलेले. पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी पान बदलायच्या वेळी कुणी हलत नसे. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी पद्मश्री मिळाली.

आता एका डब्यात एक आख्यान लावा. पहिलं पान दाराशी, पुढचं दोन पावलांवर, असं करत शेवटचं पान डब्याच्या दुसऱ्या टोकाला. जेवायला जाताना माणूस गोष्टीतून चालत जाईल. समोरच्या खिडकीतून ऊन येतं, रंग उडतील, म्हणून ऊन रोखणारी काच लावा. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे ती सांगतो. कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की खिडकीची काच आरसा होते. बाहेरचं सगळं जातं आणि आतली भिंत काचेत उमटते. तितका वेळ प्रवासी खिडकीत बघेल आणि त्याला पिंगुळीचं पान दिसेल.

गंजिफ्याचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, थोडक्यात. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी ही कला मरता मरता वाचवली. बैठकीच्या आणि पेयपानाच्या डब्यात तिचं चित्र टांगू नका, गंजिफा खेळायला ठेवा. फक्त दशावतारी जोड तिथे नको. त्यात १० रंगांची १२० पानं, आणि प्रत्येक रंग एका अवताराचा. मद्याच्या टेबलावर तो बरा दिसणार नाही. मुघल गंजिफा असतो, ८ रंगांचा ९६ पानांचा. तो ठेवा, आणि डब्यातल्या सेवकांना खेळ शिकवा. गोल पान हातात घेऊन पाहिल्यावरच लाखेची चकाकी काय असते ते कळतं.

हे सगळं तुमच्याही मनात असेल. तरी ते होत का नाही, हे मी निविदांच्या याद्या हाताळल्यामुळे जाणतो. अशा यादीत कला कशी येते? ‘सजावटी पॅनल, इतके चौरस मीटर.’ चौरस मीटर आला की छापील पट्टी जिंकणार, कारण चौरस मीटरला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. शिवाय निविदा भरायला काही कोटींची उलाढाल हवी, तत्सम कामाचा अनुभव हवा, अनामत रक्कम हवी. पिंगुळीचा चित्रकार किंवा कसब्यातला तांबट यातलं काय दाखवणार? मग सगळं काम एका ठेकेदाराकडे जातं, त्याचा एक पोट-ठेकेदार असतो, त्याचा एक छापखाना असतो, आणि वर्षाकाठी कुठेतरी उद्घाटनाच्या भाषणात ‘आपली समृद्ध परंपरा’ म्हणून त्या पट्टीचा गौरव होतो. ज्या कलेला भौगोलिक मानांकन आहे तिचा छाप लावून तिचंच नाव सांगणं हे त्या गावांच्या पोटावर मारणं आहे.

यातून वाट आहे आणि ती रेल्वेच्याच पद्धतीत आहे. कित्येक कामांत काही सामान रेल्वे स्वतः विकत घेते आणि ठेकेदाराला नुसतं बसवायला देते. कलेचं काम तसं करा. ते चौरस मीटरच्या यादीतून बाहेर काढा, नगावर आणा, महामंडळाने थेट कारागिराकडून घ्यावं, अर्धी रक्कम आगाऊ द्यावी. डब्याच्या भिंतीत आगीच्या चाचणीतून गेलेली अल्युमिनियमची ठरावीक मापाची चौकट बसवा. चौकट वर्कशॉपची, आतलं काम कारागिराचं. मागे रबरी वॉशर, चार स्क्रू. ते फिरवले की दहा मिनिटांत काम बाहेर निघेल, गावी जाईल, दुरुस्त होऊन परत येईल, आणि तोवर त्याच मापाचं दुसरं काम तिथे लागेल. पावसाळ्यात गाडी उभी असते, तेवढ्यात हे सगळं आरामात होतं. त्या कारागिराशी वर्षाचा करार करा, जसा एसीवाल्याशी करता.

आणि नाव. याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे.

१९९० च्या आसपास आमच्या कारखान्यात एक जुना लाकडी सलून, म्हणजे बड्या साहेबांच्या प्रवासाचा खास डबा, आला होता. कंडेम झालेला. आतलं सागवान काढून डबा मोडीत द्यायचा होता. मी आणि माझा जोडीदार तक्ते उतरवत होतो. पितळी स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूची खाच उभ्या रेषेत, सगळ्या डब्यात एकही खाच तिरकी नाही. कुणी पाहणार नव्हतं, तरी त्या माणसांनी शेवटचा पाव फेर मोजून दिला होता. खिडकीखालचा एक तक्ता सुटला, मी तो उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘डावी ४, खिडकीखाली’. त्याखाली एक नाव आणि साल. बाळबोध अक्षर, पेन्सिल अजून काळी. आडनाव नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ते नाव तिथे किती वर्षं होतं कुणास ठाऊक. आमच्या साहेबांना दाखवलं, तो तक्ता तरी ठेवून घेऊ म्हणून विनवलं. आदेश सगळं मोडीत द्यायचा होता. मी तक्ता ढिगावर ठेवला, नाव वरच्या बाजूला येईल असा. संध्याकाळपर्यंत त्यावर दुसरे तक्ते आले.

तेव्हापासून मी जे जे काम केलं त्याच्या मागे नाव लिहीत आलो. आता मला ते मागे नको, पुढे हवं आहे. प्रत्येक चौकटीखाली एक छोटी पितळी पट्टी लावा. त्यावर कारागिराचं पूर्ण नाव, गाव आणि साल. मराठीत, आणि खाली इंग्रजीत. पैठणीचा पदर दोघांनी विणला असेल तर दोघांची नावं. लोकर कुणी कातली तिचं नाव. गाडीत पाहुणा असेल त्याने ते नाव वाचावं, आणि कोल्हापूरला किंवा सावंतवाडीला उतरल्यावर त्या माणसाचं घर विचारावं. गाडीच्या कार्यक्रमात तासभर त्या घरासाठी ठेवता येईल.

२१ डबे एकदम करा असं मी म्हणत नाही. एक डबा घ्या. केबिनचा एकच डबा, त्यात एक आख्यान, एका भिंतीला घोंगडी, चार दारांना तांब्याच्या मुठी. मे महिन्यात बसवा आणि कोकणचा एक पावसाळा त्याला यार्डात उभा काढू द्या. ऑक्टोबरात चौकटी उघडून मागची बाजू बघा, कुठे बुरशी आली, कुठे स्क्रू ढिला झाला, कुठे रंग उतरला. कागदावर टिपून घ्या. मग पुढचा डबा.

त्या चौकटीचं माप, भोकांच्या जागा आणि रबराची जाडी मी काढून ठेवली आहे. पिंगुळीच्या दोन घरांत जाऊन पानांची मापंही घेऊन आलो आहे, चौकटीत ती नीट बसतात. कारखान्यात ज्या दिवशी पहिली चौकट लावाल त्या दिवशी निरोप द्या, मी माझा पेचकस घेऊन येईन. मजुरी नको. स्क्रूच्या खाचा उभ्या रेषेत आल्या आहेत का, तेवढं मला पाहू द्या.

आपला,
एक निवृत्त डबा-सुतार
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग